प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव

ढवळे मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. सकाळी दोन वेगवेगळ्या खोल्यांत लेखी पेपर झाला होता, दुपारी मुलाखत होती, आणि मधले दोन तास मी संस्थेच्या आवारात एका लिंबाखाली उभी राहून काढले होते. सोलापुरात मला ओळखणारं कुणी नव्हतं. अम्मीनं बांधून दिलेली भाकरी पिशवीत तशीच होती. अशा वेळी मॅडम दिसल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच आल्या. तसं वाटायला कारणही होतं. कुणाची परीक्षा असली, कुणाला मुलाखतीला एकटं जायची भीती वाटत असली, की त्या रजा टाकून बरोबर जायच्या.

"मॅडम, एवढ्या लांब कशाला आलात?" मी म्हटलं.

त्यांनी बाजूला सरकून मला जागा केली. "बस. पेपर कसा गेला?"

"बरा गेला. शेवटचे चार प्रश्न राहिले."

"माझे दोन राहिले," त्या म्हणाल्या.

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. एवढ्यात दार उघडून शिपायानं पुकारलं, "सात नंबर. ढवळे शैलजा मनोहर." मॅडम उठल्या, पदर सारखा केला, फाईल उचलली आणि आत गेल्या. दार बंद झालं.

एका जागेसाठी आम्ही अकरा जण होतो. माझा नंबर नऊ होता.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. माझं गाव शेलगाव, तालुक्यापासून चौदा किलोमीटर. गावाच्या तिठ्यावर अब्बांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगर, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीचे तुटलेले भाग, जे येईल ते काम ते करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए.ला इतिहास घेतला, तो केवळ इतिहासाचे तास बाराला संपायचे आणि साडेबाराची एसटी मिळायची म्हणून. पदवी झाल्यावर पुढं काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

शैलजा ढवळे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात लिपिक होत्या, त्याही कंत्राटी. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर निघायची, मे महिन्यात संपायची, आणि जूनमध्ये नवी मिळते की नाही याची वाट बघत त्या घरी बसायच्या. पुस्तकं देणं-घेणं एवढंच त्यांचं काम. पण ग्रंथालयाच्या मागं जुन्या मासिकांचे गठ्ठे टाकायची एक खोली होती. ती त्यांनी प्राचार्यांकडून मागून घेतली, शिपाई गुंडमामांना हाताशी घेऊन झाडून काढली, आणि दारावर खडूनं लिहिलं, 'नोकरी कोपरा'. ते खडूचं लिहिणं दर दोन-तीन महिन्यांनी पुसट व्हायचं आणि त्या परत गिरवायच्या.

बाहेरून बघणाऱ्याला ती खोली म्हणजे एक फळा आणि दोन कपाटं एवढीच दिसायची. फळ्यावर वर्तमानपत्रांतून आणि रोजगाराच्या साप्ताहिकांतून कापलेल्या जाहिराती टाचलेल्या असायच्या आणि प्रत्येकीच्या खाली लाल शाईत शेवटची तारीख. एका कपाटात मागच्या परीक्षांचे पेपर. हे पेपर कुठं विकत मिळत नसत. परीक्षा देऊन आलेल्या पोरापोरींना त्या त्याच संध्याकाळी समोर बसवायच्या आणि आठवतील तेवढे प्रश्न लिहून घ्यायच्या. दुसऱ्या कपाटात दोन पांढरे शर्ट, एक काळा पट्टा आणि तीन मापांचे बूट होते, मुलाखतीला जाणाऱ्यांनी न्यायचे आणि धुऊन, पॉलिश करून परत आणायचे. एका वहीत गावोगावची माहिती. पुण्यात परीक्षा असली तर मुलींना रात्रभर कुठं राहता येईल, नागपूरला गाडी किती वाजता पोचते, कुठल्या परीक्षा केंद्राजवळ झेरॉक्सचं दुकान नाही म्हणून प्रती आधीच काढून न्यायच्या. नोकरीला लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबरही त्याच वहीत होते. त्यांना मॅडम बिनदिक्कत फोन लावायच्या. म्हणायच्या, तुला कुणी तरी सांगितलं म्हणून तू लागलास, आता तू हिला दहा मिनिटं सांग.

या कामाचा त्यांना कुणी वेगळा पगार देत नव्हतं. ऑर्डरमध्येही त्याचा उल्लेख नव्हता.

मी त्या खोलीत गेले ती चुकून. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक पुस्तक परत द्यायला ग्रंथालयात गेले, तर मॅडमनी कार्डावर सही करता करता विचारलं की पुढं काय. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, "बघू म्हणजे कुठं बघणार?" त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तुला काय काय येतं. मी म्हटलं, काही नाही. हे उत्तर त्यांना बहुतेक रोज मिळत असावं, कारण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. घरी काय करतेस, कुणाला काय मदत करतेस, असं एकेक विचारत अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी माझ्या नावाचं कार्ड माझ्यासमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं : अक्षर उत्तम. मोहल्ल्यातल्या बायकांचे रेशनकार्डाचे, दाखल्याचे अर्ज लिहून देते. मराठी, हिंदी, उर्दू वाचते. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय. खाली पाहून बोलते.

शेवटचं वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ते खोडायचं माझ्या हातात आहे, असं त्या म्हणाल्या.

त्यांच्याच सांगण्यावरून मी मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. रविवारी वर्ग असायचे. बाकीचे दिवस मी मॅडमच्या हाताखाली शिकले. कपाटातली वीस पुस्तकं त्या टेबलावर उलटीसुलटी मांडायच्या आणि म्हणायच्या, क्रमांक न बघता सांग कुठलं कुठं जाईल. मुलाखतीचा सरावही तिथंच व्हायचा. साहेबांच्या जागी गुंडमामा बसायचे. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं की मधेच जांभई द्यायची, खिडकीबाहेर बघायचं, कागद चाळायचे. समोरचा ऐकत नसला तरी आपलं बोलणं पूर्ण करता आलं पाहिजे, हा त्यातला धडा. मामा जांभई इतकी खरी द्यायचे की मला हसू यायचं. मग परत पहिल्यापासून.

एकदा मी सरावात म्हटलं, "मला जमेल की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करीन." मॅडमनी मला थांबवलं.

"जमेल की नाही हे त्यांना ठरवू दे. त्यासाठीच बसलेत ते. तू फक्त काय येतं ते सांग."

त्या वर्षी ऑक्टोबरात फळ्यावर एक जाहिरात लागली. सोलापूरच्या एका जुन्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल हवा होता. एकच जागा, कायम नोकरी, वयाची अट अडतीसपर्यंत. शेवटच्या तारखेला सहाच दिवस उरले होते. मी वाचत उभी होते तेव्हा मॅडम मागं येऊन म्हणाल्या, भर. अर्ज त्यांनीच तपासून दिला, दाखल्यांचा क्रम लावून दिला, पोस्टाची पावती जपून ठेवायला सांगितलं. पुढचा दीड महिना त्यांनी माझ्याकडून इतकी तयारी करून घेतली की मला स्वप्नातही वर्गीकरणाचे क्रमांक दिसायचे. आपणही तिथं अर्ज केलाय, हे मात्र त्या दीड महिन्यात त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

त्या बाकावर बसून हे सगळं मला आठवत होतं. मॅडमकडे ग्रंथालयाची पदवी होती, अकरा वर्षांचा अनुभव होता. ही जागा जणू त्यांच्यासाठीच निघाली होती. आणि मी त्यांच्याकडूनच शिकून त्यांच्या वाटेत येऊन बसले होते. उठून निघून जावं असं मनात आलं. पण मी बसून राहिले.

वीस मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. त्या तडक निघून गेल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या बाकासमोर उभ्या राहिल्या आणि फक्त मलाच नाही, उरलेल्या तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. आत तिघं जण बसलेत. कडेचे वयस्कर गृहस्थ फार हळू बोलतात, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायला लाजू नका, ते रागावत नाहीत. मधल्या बाई व्याख्या विचारत नाहीत, उदाहरण मागतात. जुनी, फाटकी पुस्तकं कशी सांभाळाल हा प्रश्न सगळ्यांना येणार आहे.

बार्शीचा एक मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही पण उमेदवारच ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "माझं झालं आता."

माझी मुलाखत कशी झाली ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. हळू बोलणाऱ्या गृहस्थांना मी दोनदा विचारलं. बाईंनी उदाहरण मागितलं, ते दिलं. मग त्यांनी एक जुनं जीर्ण पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मुखपृष्ठ गेलेलं होतं, आतली लिपी उर्दू. असं पुस्तक आलं तर नोंद कशी कराल, असं त्यांनी विचारलं. मी पहिलं पान वाचलं, लेखकाचं नाव, छापखान्याचं गाव आणि हिजरी सन सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. संस्थेत अशी तीन-चारशे पुस्तकं धूळ खात पडली होती आणि ती वाचू शकणारं तिथं कुणीच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारीशेजारी बसलो. मोहोळ गेल्यावर मॅडमनीच विचारलं, पिशवीत काय आहे. मी भाकरी आणि ठेचा काढला. त्यांनी अर्धी मोडून घेतली आणि म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत या विषयावर बोलायचं नाही. आम्ही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली होती. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं, नाही तर प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं खाली छापलेलं होतं. सोबत यादी होती. निवड : शिकलगार रेहाना दस्तगीर. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक : ढवळे शैलजा मनोहर. आमच्यात दोन गुणांचं अंतर होतं.

अब्बांनी गावात पेढे वाटले. मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजात गेले. नोकरी कोपऱ्याला कुलूप होतं. ग्रंथालयात मॅडम होत्या, पण काउंटरवर मान खाली घालून पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. मी समोर उभी राहिले. अभिनंदन, त्या म्हणाल्या, आणि पुढचं पुस्तक ओढलं. आज फार काम आहे, नंतर ये, असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दारातून वळले तेव्हा गुंडमामा मागोमाग आले. त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि सांगितलं की मॅडमना नोव्हेंबरात अडतीस पूर्ण झाली. आता पुढची कुठलीच जाहिरात त्यांना चालायची नाही. ही शेवटची होती.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मी रुजू व्हायचं नाही. मी तेवीस वर्षांची होते, मला अजून पंधरा वर्षं होती. मॅडमनीच शिकवलेल्या पद्धतीनं मी पत्र लिहिलं, विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. घरगुती अडचणींमुळे मी या पदावर रुजू होऊ शकत नाही, तरी प्रतीक्षा यादीतील उमेदवाराचा विचार व्हावा. अब्बांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले की तू त्यांना विचारलंस का. मी म्हटलं, विचारलं तर त्या नाही म्हणतील. अब्बा म्हणाले, मग तुला उत्तर माहीत आहे.

तरी ते पत्र मी आठ दिवस पिशवीत घेऊन फिरले. नकाराचं पत्र साध्या टपालानं गेलं तर चालतं का, की रजिस्टर करावं लागतं, एवढंच मी गुंडमामांना एकदा विचारलं. त्यांनी ते पोटात ठेवलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीनं मॅडम शेलगावात उतरल्या. तिठ्यावरच दुकान. अब्बांनी काम थांबवलं, काळा चष्मा कपाळावर चढवला, दुकानातलं एकुलतं स्टूल फडक्यानं पुसून त्यांना दिलं आणि मला घरातून बोलावून घेतलं. मी आले तेव्हा मॅडम पाणी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला आणि हात पुढं केला.

"ते पत्र दाखव."

मी दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं.

"लिहिलंयस चांगलं," त्या म्हणाल्या. "कारण मात्र खोटं आहे. घरगुती अडचण कसली?" आणि अब्बांकडे वळून, "भाई, आहे का घरात काही अडचण?"

"नाही," अब्बा म्हणाले.

मी रडायला लागले. म्हटलं, मॅडम, ही नोकरी तुमची आहे. तुम्ही मला शिकवलं नसतं तर मी त्या दारापर्यंतसुद्धा पोचले नसते. तुम्ही माझ्यासाठी तुमची जागा सोडलीत.

"कुणी सांगितलं सोडली म्हणून?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी जीव तोडून पेपर लिहिला. मुलाखतीला जाताना देवाला नवस बोलले. मला ती नोकरी हवी होती, रेहाना. मी तुला दिलेली नाही. तू घेतलीस. माझ्यापेक्षा दोन गुण जास्त मिळवून घेतलीस. ते दोन गुण कुठले, तेही मला माहीत आहे. मला उर्दू येत नाही."

दुकानासमोर कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन आलं होतं. अब्बांनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं.

मग मॅडमचा आवाज खाली आला. निकाल लागल्यावर चार-पाच दिवस मला तुझं तोंड बघवत नव्हतं, असं त्या म्हणाल्या. घरी मुलीवर खेकसले, नवऱ्याशी धड बोलले नाही. इतकी वर्षं एवढी पोरं लागली, कुणाचा राग आला नाही, तुझा आला. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"ती जाहिरात तुला उशिरा दिसली, आठवतं? सहाच दिवस राहिले होते. ती मला तशी उशिरा मिळाली नव्हती. नऊ दिवस ती माझ्या पर्समध्ये होती. मी कापली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. म्हटलं, एवढी एक आपली. आजवर एवढ्या लावल्या, एक नाही लावली तर कुणाला कळणार आहे? आणि खरंच कुणाला कळलं नसतं. पण रोज सकाळी खोली उघडली की फळ्यासमोर तुम्ही पोरं उभी. खालून वरपर्यंत सगळं वाचायचात. इथं नाही म्हणजे कुठंच नाही, असं समजून घरी जायचात. दहाव्या दिवशी मला ते बघवेना. लावून टाकली."

त्यांनी पदरानं चेहरा पुसला. घाम होता की काय होतं, मी पाहिलं नाही.

"मग तेव्हा मला सांगितलं का नाहीत, की तुम्हीही भरताय?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू अर्ज भरला नसतास. आत्ता जे करायला निघालीस ना, तेच दोन महिने आधी केलं असतंस."

त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्या हातात परत दिलं. फाडलं नाही.

"आता नीट ऐक. तू रुजू झाली नाहीस तर ते मला बोलावतील आणि मी जाईन. मी काही साध्वी नाही, मला घर आहे. त्यामुळे तुला ती नोकरी नको असेल तर हे पत्र आजच टाक, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्यासाठी म्हणून नको म्हणत असशील, तर ते मला चालणार नाही. तुझ्या दयेनं मिळालेल्या खुर्चीत मला वीस वर्षं बसता यायचं नाही. म्हणून एकच विचारते. वर बघ. तुला ती नोकरी हवी आहे का?"

मी वर पाहिलं. "हवी आहे," मी म्हटलं.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. मग अब्बांना विचारलं, चहा मिळेल का, साडेअकराची गाडी पकडायची आहे.

अम्मीनं चहा केला, त्यांना बळेच दोन घास खायला लावले. अब्बा त्यांना एसटीत बसवून आले. परत येताना म्हणाले की इतक्या वर्षांत माझ्या दुकानात असं माणूस आलं नव्हतं. अब्बा कुणाचं कौतुक सहसा करत नसत.

मी चौदाव्या दिवशी सोलापुरात रुजू झाले. आता मला त्या ग्रंथालयात पंधरा वर्षं झाली. ती उर्दू पुस्तकं सगळी नोंदवून झाली, त्यांची सूची छापून आली. मॅडम त्या कॉलेजात आणखी सात वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर राहिल्या. मग ऑर्डर निघायची थांबली. आता त्या तालुक्यातल्याच एका अभ्यासिकेत बसतात. तिथंही त्यांनी फळा लावला आहे, आणि मोबाईलवर चारशे-साडेचारशे जणांचा एक गट चालवतात, त्यावर सकाळी सातच्या आत त्या दिवसाच्या जाहिराती आलेल्या असतात. मागच्या दिवाळीत मी घरी गेले होते तेव्हा त्यांना भेटले. मी आता त्या वेळच्या त्यांच्या वयाची झाले, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, सोलापूरच्या त्या जागेचा विचार अजून मनात येतो, कधी कधी राग पण येतो, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी नाही वाटून घेतलं. नऊ दिवस पर्समध्ये ठेवलेला कागद दहाव्या दिवशी बाहेर काढायला काय लागत असेल, हे मला या वयात जरा जास्त कळतं. मी त्यांच्या जागी असते तर काढला असता की नाही, सांगता येत नाही.

पण मला सांगायचंय ते माझ्या पहिल्या शनिवाराबद्दल. रुजू होऊन मला पाचच दिवस झाले होते. टेबल मिळालं होतं, पण त्यामागं बसायची अजून लाज वाटत होती. येणाऱ्या वाचकाला काय म्हणावं हे कळत नव्हतं आणि तेही मला ए ताई, ओ बाई, असं काहीही म्हणायचे. दुपारी बाराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. सहा-सात पोरंपोरी आत आल्या, हातात वह्या, बिचकत बिचकत. त्यांच्या मागून ढवळे मॅडम.

मी खुर्चीवरून उठले. पुढं होणार, तोच त्यांनी हातानं मला थांबवलं आणि पोरांकडे वळल्या. या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांचा स्वतंत्र विभाग आहे, बाहेरच्यांनाही बसून वाचता येतं, सभासद कसं व्हायचं ते नीट विचारून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

"या सहायक ग्रंथपाल आहेत. शिकलगार मॅडम," त्या म्हणाल्या.

मग त्या माझ्या टेबलाजवळ आल्या. आजवर मला त्यांनी रेहाना, तू, इकडे ये, याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला वेळ असेल तर यांना जरा समजावून सांगाल का?" त्यांनी विचारलं, आणि पोरांबरोबर बाकावर जाऊन बसल्या, वही उघडून.